काटेरी मुलखात टायरमधे सीलंट भरायचा अनुभव : मोटरसायकल, ट्रॅक्टर आणि सायकल

मी माण तालुक्यात कृत्रिम रेतनाचं काम करतो. गावोगाव गाई-म्हशी भरवायला मोटरसायकलवर फिरायचं, मागं कॅरिअरला द्रव नायट्रोजनचं कंटेनर बांधलेलं, त्यात स्ट्रॉ, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या. गाडीच्या टायरमधे सीलंट, म्हणजे पंक्चरचं भोक आतून बुजवणारं द्रव, भरून आता जवळपास वर्ष होत आलं, आणि लाईनमधले मित्र, दूध संकलनवाले, शेतकरी सारखे विचारतात की खरंच चालतं का, किती खर्च आला, ट्यूबच्या टायरला चालतं का. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा पहिल्यापासून सगळं लिहून काढतो.

आधी काट्यांचं. माण, खटाव, आटपाडी, सांगोला हा सगळा कमी पावसाचा पट्टा, इथं बाभळ जोमात. गावठी बाभळीचा पांढरा सरळ काटा बोटाएवढा होतो आणि वाळला की खिळ्यासारखा कडक. त्यात वेडी बाभळ ओढ्याकाठी, गायरानात, रस्त्याच्या दोन्ही बाजूनी माजलेली. फेब्रुवारी-मार्चमधे लोक कुंपणाला फास, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, ओढून नेतात तेव्हा वाटभर काटे सांडतात, मेंढ्यांना पाला आणि शेंगा मिळाव्यात म्हणून फांद्या तोडतात त्या तिथंच वाळतात, आणि पावसाळा सरला की सराटे. सराटा दिसायला एवढासा पण कसाही पडला तरी एक टोक वरच राहतं, सायकलच्या पातळ टायरची वाट लावायला तो एकटा पुरतो.

माझ्या कामात पंक्चर म्हणजे नुसते पन्नास-शंभर रुपये नाहीत. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा आमचा साधा हिशोब. ती वेळ हुकली की पुढचा माज साधारण २१ दिवसांनी. तेवढे दिवस त्या शेतकऱ्याची गाय खाणार, पण गाभण नाही. दुभत्या गाईच्या मालकाला हे विचारा, तो हिशोब करून दाखवेल. आणि वस्तीवरच्या वाटेवर रात्री चाक बसलं तर कंटेनर सोडून जाता येत नाही, ते आडवं करून चालत नाही, गाडी ढकलत डांबरी गाठायची. गेल्या वर्षी दिवाळीनंतर असं लागोपाठ होत गेलं आणि एका म्हाताऱ्या आजींच्या एकुलत्या एक गाईची वेळ त्यात गेली. आजी काही बोलल्या नाहीत, चहा दिला, पण मला ते फार लागलं. त्याच आठवड्यात ठरवलं की याचं काहीतरी करायचंच.

डिसेंबर २०२४ सगळा माहिती काढण्यात गेला. माझी गाडी शंभर सीसीची, तारांच्या चाकांची, ट्यूबवाली. पहिला विचार ट्यूबलेसचा आला, पण तारांच्या रिमला तारांच्या भोकातून हवा जाते, ती सील करायची म्हणजे वेगळं काम, नाहीतर अलॉय चाकं घ्यायची, तो खर्च काही हजारात जातो. मग ट्यूबमधेच सीलंट भरायचं असं ठरलं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण दुकानदार पण गोंधळ करतात. बाजारात दोन जातीची सीलंट मिळतात. एक रबराच्या चिकाचं, म्हणजे लॅटेक्सचं, पांढरं, दुधासारखं. ते भोकाशी आलं की हवा लागून गोठतं आणि बूच बसतं, काम झटपट करतं पण आतल्या आत सुकत पण जातं, आपल्या उन्हात दोन-चार महिन्यात बघावं लागतं. साताऱ्यातला माझा एक मित्र गिअरची ट्यूबलेस सायकल घेऊन यवतेश्वर-कास चढतो, तो हेच वापरतो, दर दोन-तीन महिन्यांनी वाल काढून थोडं थोडं वाढवतो. दुसरं ग्लायकॉलचं, हिरवं-निळं, जेलीसारखं दाट, त्यात बारीक तंतू आणि रबराचे कण. ते सुकत नाही. काटा निघाला की हवेच्या जोरानं तंतू भोकात जाऊन अडकतात आणि भोक बुजतं. ट्यूबसाठी हे बरं, दीड-दोन वर्ष टिकतं असं बाटलीवर लिहिलेलं असतं. मी दुसरं घेतलं.

तालुक्याच्या गावात मिळेना म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाईन मागवलं, ट्रॅक्टरचा पण विचार डोक्यात होता म्हणून पाच लिटरचा कॅन, साडेतीन हजाराच्या आसपास. आठ-दहा दिवसांनी पार्सल आलं ते खालून ओलं. झाकण सैल, कॅनमधलं बरंचसं खोक्यात. परत करायला गेलो तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो मी काढला होता, मग फोटो मागितले, मग बॅच नंबरचा फोटो, मग उत्तर आलं की द्रव पदार्थ परत नेत नाहीत, फक्त पैशाचा विचार करू. तो विचार तीन आठवडे चालला. शेवटी अर्धे पैसे परत आले आणि राहिलेला माल माझ्याकडेच राहिला. म्हणून सांगतो, असलं काही मागवलं तर खोकं उघडायच्या आधी व्हिडिओ चालू करा, त्यात पत्त्याची चिठ्ठी दिसू दे, आणि बिल स्वतःच्या धंद्याच्या नावानं जीएसटी नंबरसकट असेल तर ते जपून ठेवा, तक्रारीत पहिलं तेच मागतात.

१५ फेब्रुवारीला शनिवारी मोटरसायकलचं काम काढलं. पंक्चरवाले चाचा आमच्या स्टँडजवळ वर्षानुवर्ष बसतात, त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. चाचांचं म्हणणं पहिल्यापासून एकच, "डॉक्टर, जुन्या ट्यूबात नका भरू, सगळं वाया जाईल." (गावाकडं आम्हाला डॉक्टरच म्हणतात.) ते शंभर टक्के बरोबर होतं. माझ्या मागच्या ट्यूबला पॅचवर पॅच होते, असल्या ट्यूबचा पॅच कडेनं सुटतो आणि तिथं सीलंट काही करू शकत नाही. दोन नव्या ट्यूबा घेतल्या, सहाशे रुपये. टायर उघडल्यावर चाचांनी आतून सुती कापड गोल फिरवलं, कापड जिथं अडकलं तिथं काटा. मोडून आत राहिलेली इतकी टोकं निघाली की मी बघतच राहिलो, बाहेरून एक पण दिसत नव्हतं. प्रत्येक टोक पकडीनं ओढून काढलं. हे काम टाळू नका, कारण आतलं टोक नव्या ट्यूबला रोज घासत राहणार आणि सीलंट बुजवणार तरी किती वेळा. रिमवरची रबरी पट्टी पण बदलली, तारांची टोकं वर आली होती.

भरायचं काम त्यामानानं सोपं. वालाची टोपी काढायची, मग आतली पिन त्याच्या छोट्या चावीनं सोडवायची, सगळी हवा जाऊ द्यायची. चाक फिरवून वाल अगदी तळाला न ठेवता बाजूला, घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी आणायचा. कॅन जोरात हलवायचा, तंतू तळाला बसलेले असतात, न हलवता ओतलं तर वरचं नुसतं पातळ पाणी जातं. मग मापाच्या बाटलीला नळी लावून हळूहळू पिळायचं. पुढं २०० मिली, मागं २५० मिली घातलं. टायरच्या साईजप्रमाणे तक्ता कॅनवर असतो, तोच बघा, कमी घातलं तर पूर्ण घेरात थर बसत नाही. पिन पुसून परत लावली, हवा गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याएवढी भरली आणि लगेच गोंदवल्याच्या रस्त्यानं चार-पाच किलोमीटर गाडी फिरवून आणली. लगेच फिरवणं गरजेचं, नाहीतर सगळं तळाला साचून राहतं. पहिल्या किलोमीटरला हँडलला बारीक थरथर जाणवली, नंतर गेली. चाचांनी मजुरी दीडशे घेतली. ट्यूबा, सीलंट, मजुरी धरून गाडीला साधारण हजार-अकराशे गेले.

पहिला काटा मार्चच्या सुरुवातीला लागला, वरकुट्याकडच्या एका वस्तीवर. गाय भरवून परत गाडीजवळ आलो तर मागच्या टायरला बाभळीचा काटा मुळापर्यंत घुसलेला आणि भोवती हिरवा ओला डाग. छातीत धडधडत होतं खरं. काटा सरळ ओढून काढला, फुस्स झालं, हिरवे बुडबुडे आले, ते भोक खाली जमिनीकडं येईल असं चाक फिरवून थोडा वेळ थांबलो, मग गाडी पुढं-मागं लोटली. बुडबुडे थांबले. हवा थोडी कमी झाली होती, डिक्कीतल्या हातपंपानं वाढवली आणि पुढच्या गावाला गेलो, तिथं पण म्हैस वाट बघत होती. संध्याकाळी गेज लावला तर हवा जशीच्या तशी. त्या रात्री मला खूप दिवसांनी निवांत झोप लागली.

हवा बघताना किंवा भरताना वाल वरच्या बाजूला ठेवायचा आणि चाक थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. वाल तळाला असताना पिन दाबली तर सीलंट वर येतं आणि पिन चिकटते, गेज पण खराब होतो. एक पिन आणि चावी सोबत असू द्या, दहा-वीस रुपयांचं काम आहे.

मग ट्रॅक्टर. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर ४० एचपीच्या आसपासचा, पुढं ६.००-१६ आणि मागं १३.६-२८ साईजचे टायर. पड रानातली वेडी बाभळ काढायचं काम दादा भाड्यानं करतात, त्यात पुढची चाकं कायम बसायची. ट्रॅक्टर रानात बसला की पंक्चरवाल्याला गाडीवर बोलवायचं, येण्याचे वेगळे पैसे, आणि मधल्या वेळात भाडं बंद. पुढचे टायर तसे नवे होते, हमीचं कार्ड होतं, म्हणून दादा म्हणाले आधी विचारून घे. फेब्रुवारीच्या शेवटी टायरवाल्या डीलरकडे गेलो, त्यांनी वरच्या माणसाचा नंबर दिला, त्यानं ईमेल करायला सांगितलं, ईमेलला टायरवरचा सिरियल नंबर, बिलाची झेरॉक्स आणि ट्रॅक्टरच्या आरसीची कॉपी लागली. उत्तर गुढीपाडवा होऊन गेल्यावर आलं. त्यात लिहिलेलं की टायरमधे बाहेरचा कुठलाही द्रव भरला असेल तर हमीचा दावा विचारात घेणार नाही. दादा आणि मी बसून कार्ड परत वाचलं. हमी फक्त कारखान्यातल्या दोषाला होती, काट्याला, कापल्याला, घासल्याला नव्हतीच. ज्या त्रासासाठी आम्ही हे करत होतो त्याला कार्डाचा तसाही उपयोग नव्हता, तेव्हा दादा म्हणाले भर. पण लेखी उत्तर हातात असलेलं बरं, तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

एप्रिलच्या मधे एका सकाळी ऊन व्हायच्या आत दोन्ही पुढच्या चाकात भरलं, एकेका चाकात सव्वा लिटरच्या आसपास. कॅनमधलं सांडून उरलेलं थोडंसं कमी पडलं, एक लिटरची बाटली पंढरपुरातून साडेसातशेला आणावी लागली. जॅक सपाट जागेवर, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, ब्रेक लावलेला आणि ॲक्सलखाली लाकडी ठोकळा. नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून खाली हात घालू नका, हे मी हात जोडून सांगतो. मागच्या चाकात मात्र भरलं नाही. आमच्याकडे नांगराला पकड यावी म्हणून मागच्या ट्यूबात पाणी भरायची पद्धत आहे, तिथं पाऊण ट्यूब पाणी असतं. त्या पाण्यात सीलंट पडलं की पातळ होऊन जातं, थर बसत नाही, तंतू अडकत नाहीत. मागच्या टायरचे गट्टू, म्हणजे रबराचे उंचवटे, जाड असतात, काटा आतपर्यंत क्वचितच पोचतो, त्यामुळं तसंच ठेवलं.

ट्रॅक्टरला फरक मोटरसायकलपेक्षा जास्त दिसला. उन्हाळाभर बाभळीचं काम चाललं, पुढच्या टायरवर हिरवे डाग पडत राहिले, चाक बसलं नाही. दादा आधी रानात जाताना पंक्चरवाल्याचा नंबर घोकायचे, आता रोज सकाळी टायरवरून हात फिरवून काटे उपटतात आणि कामाला लागतात.

जूनमधे शाळा सुरू व्हायच्या आधी पुतणीच्या सायकलचं काम काढलं. ती आठवीत गेली, शाळा वस्तीपासून लांब, आणि सराट्यांमुळं आठवड्याला सायकल हातात धरून यायची. साध्या सायकलच्या ट्यूबला जो वाल असतो, ज्यात आत रबरी वालट्यूब असते, त्यात हे चिकट द्रव गेलं की वालट्यूब चिकटून बसते आणि हवाच धरत नाही. म्हणून मोटरसायकलसारखा पिनचा वाल असलेल्या सायकल ट्यूबा शोधल्या, दहिवडीत मिळाल्या, जोडी अडीचशेला. रिमचं भोक तेच चाललं. एकेका चाकात १२० मिली. फायदा असा पण झाला की आता पेट्रोल पंपावर हवा भरता येते. पोरगी स्वतः गेज लावून बघायला शिकली, दर रविवारी माझ्या गाडीची पण तीच बघते.

आता जिथं चाललं नाही ते. ऑगस्टमधे पावसात दगडी वाटेवर मागचं चाक जोरात आपटलं आणि ट्यूब रिमखाली चिमटून दोन लांब चिरा पडल्या. सीलंट सगळं बाहेर, चेन, मडगार्ड, पायावर हिरवा चिखल, आणि गाडी ढकलत आणली. असल्या चिरेला, वालाच्या बुडाशी फाटलं तर, टायरची बाजू कापली तर सीलंटचा उपयोग नाही. काट्याच्या बारीक भोकांसाठी ते आहे, तीन मिलिमीटरच्या पुढं ट्यूबात अपेक्षा ठेवू नये. आणि ट्यूब ओली असेल तर पॅच बसत नाही, पुष्कळ पंक्चरवाले त्यामुळं हात लावायला नाही म्हणतात. चाचांनी पण आधी कुरकुर केली. मग ट्यूब साबणाच्या पाण्यानं आतबाहेर धुतली, हे ग्लायकॉलचं असल्यामुळं पाण्यानं निघतं, पूर्ण वाळवली, कानस मारली आणि गरम पॅच लावला तेव्हा बसला. पण चिरलेली ट्यूब मी पुढं वापरली नाही, नवी घेतली आणि परत भरलं. हवा कमी ठेवून दगडावरून गाडी नेली की हे होतंच, त्यामुळं सीलंट भरलंय म्हणून हवा बघायचं सोडू नका. उलट जास्त बघा, कारण बारीक भोकं बुजताना थोडी थोडी हवा जात असते आणि चाक बसलेलं नसल्यामुळं लक्षात येत नाही.

कारवाल्यांसाठी एक. केंद्र सरकारनं २०२० मधे मोटार वाहन नियमात बदल केला, टायरची हवा दाखवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. माझ्या मेव्हण्याच्या नव्या गाडीत तसंच आहे, मागं स्टेपनी नाही, सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. त्या बाटलीला मुदत असते. त्यांनी ती कधी बघितलीच नव्हती, तुमची असेल तर आज बघून घ्या.

या नोव्हेंबरात मागचा टायर झिजला म्हणून बदलला तेव्हा पुढची ट्यूब पण बाहेर काढून बघितली, ती फेब्रुवारीतलीच आहे. आत द्रव अजून ओलं, दाट, आणि ट्यूबवर बुजलेल्या भोकांचे हिरवट ठिपके सगळीकडं. तीच ट्यूब परत बसवली.

शेवटी जनावरांबद्दल, आणि हे मी माझ्या धंद्यामुळं जास्त कळकळीनं सांगतो. असल्या सीलंटमधलं ग्लायकॉल साधारण दोन प्रकारचं असतं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी, कुत्रं किंवा वासरू चाटून गेलं तर मूत्रपिंडं निकामी होतात. प्रोपिलीन ग्लायकॉल त्यामानानं खूप कमी धोक्याचं. घेताना कॅनवर कुठलं लिहिलंय ते वाचा, लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा, उत्तर मिळालं नाही तर तो माल घेऊ नका. कुठलंही असलं तरी ट्यूब धुतलेलं पाणी गोठ्याजवळ, हौदाजवळ, उकिरड्यावर ओतू नका. मी चाचांच्या दुकानात झाकणाचा एक जुना डबा ठेवलाय, फाटलेल्या ट्यूबातलं सगळं त्यात काढतो, आणि कॅन घरात वरच्या फळीवर, शेळ्यांचं तोंड पोचणार नाही अशा जागी.